टाचणीचं सरळ उड्डाण

धावपट्टीवर त्याला सगळे ‘चौकशी’ म्हणत. स्टेशनातल्या खिडकीवर पाटी असते ना, तीच. फरक इतकाच, की स्टेशनातली खिडकी कधीमधी उत्तर तरी देते, आणि हा गृहस्थ नुसतं विचारायचा. टँकरवाल्याला विचारायचा, विमानाच्या पेट्रोलला रंग का देतात. डॉक्टरला विचारायचा, तुम्हाला स्वतःला ताप आला की तुम्ही कुणाकडे जाता. एकदा दाढ काढायला गेला, तर काढलेली दाढ मागून घेतली आणि घरी आणून हातोडीनं फोडली, आत काय असतं ते बघायला. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय.

बायको नेमकी उलटी. शब्द मोजून बोलणार, आणि तेही समोरच्यानं विचारलं तर. वजन चव्वेचाळीस किलो, म्हणून तिचं नाव ‘टाचणी’. हा शहाण्णव किलोंचा. दोघं शेजारी उभी राहिली की दहाचा आकडा दिसतो, असं तिथला विमानांचा मिस्त्री म्हणायचा.

टाचणी पिकांवर औषध फवारणारं विमान चालवायची आणि चौकशी तिचा झेंडेवाला होता. झेंडेवाल्याचं काम ऐकायला सोपं. शेताच्या टोकाला पांढरा झेंडा धरून उभं राहायचं. समोरून विमान येतं, जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंचीवर, थेट आपल्या नाकावर. ते जवळ आलं की अठरा पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडा उभा करायचा. तोवर ती वळून येते आणि नव्या झेंड्यावर नाक धरते. अठरा पावलांचा एक पट्टा, असे पट्टे मारत शेत संपवायचं. हे सगळं पहाटे, कारण वारा पडलेला असतो तो तेव्हाच. सरकायला उशीर केला तर औषधानं अंघोळ. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात चौकशीनं अशा चार अंघोळी केल्या, कारण विमानाचं पोट जवळून कसं दिसतं ते त्याला बघायचं होतं.

या कामात एक खूण होती. रस्त्यानं कुणी माणूस आला, नवी तार ओढलेली दिसली, काहीही वावगं वाटलं, की झेंडा जमिनीवर आडवा टाकायचा. झेंडा खाली म्हणजे काम सोड, आधी वर जा, मग बघ. त्यात का आणि कशाला नाही. पुढे हातातले रेडिओ आले तेव्हा चौकशी झेंडा टाकता टाकता तोंडानंही ओरडायचा, “झेंडा खाली!” आणि त्याचा ‘ली’ पुरा व्हायच्या आत विमान नाक वर करून निघालेलं असायचं. मग पट्टे दाखवणारी यंत्रं आली, विमानाच्या मालकानं झेंडेवाल्यांना घरी बसवलं. टाचणी मालकाला म्हणाली, “यंत्राला रस्त्यावरची माणसं दिसत नाहीत.” तिच्या त्या वर्षातल्या बोलण्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. चौकशी कामावर राहिला.

अशी सव्वीस वर्षं गेली. एका रात्री जेवताना चौकशीला हुक्की आली. त्यानं तिच्या उड्डाणांची वही काढली, सगळे तास जोडले, वेगानं गुणले आणि घास हातात तसाच धरून म्हणाला, “अगं, तू पृथ्वीला सेहेचाळीस फेऱ्या मारल्यास की!”

टाचणी जेवत राहिली.

“आणि गंमत बघ,” तो पुढे म्हणाला, “विमानात बसून तू कधी पलीकडच्या गावाच्या पाण्याच्या टाकीपुढे गेलेली नाहीस.”

त्याला ती खरोखरच गंमत वाटली होती. घाण्याचा बैल दिवसभरात किती कोस चालतो, तसलीच. टाचणीनं मात्र ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि झोपायला गेली. चार दिवसांनी तिनं धावपट्टीवरच्या वैमानिकांच्या क्लबच्या कपाटातून विक्रमांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सगळ्यात हलक्या गटातलं विमान, वैमानिक आणि पेट्रोल धरून पाचशे किलोंच्या आतलं. एकट्यानं, कुठेही न उतरता, सरळ रेषेत. तीन हजार सातशे किलोमीटर.

“सरळ,” ती म्हणाली.

चौकशीनं ते पुस्तक मिटून टाकलं. त्याचं कारण पुस्तकात नव्हतं, घरातच होतं.

चोवीस वर्षांपूर्वी टाचणीला एक पत्र आलं होतं. लांबच्या शहरातल्या टपालाच्या विमानांवर नोकरी, रोजची बाराशे किलोमीटरची फेरी. चौकशीनं तेव्हा चार दिवस प्रश्न विचारले. राहायचं कुठे? रात्री किती बाहेर काढाव्या लागतील? इंजिन डोंगरावर बंद पडलं तर? टपालात स्फोटक काही निघालं तर? ती एकेकाला उत्तर देत गेली. चौथ्या संध्याकाळी त्यानं शेवटचा विचारला, “मग मी काय करायचं?” याला तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नकार लिहून टाकला आणि पहाटे कामावर आली. त्या पत्राचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. चौकशी जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल विचारायचा, या एका गोष्टीबद्दल मूग गिळून बसायचा. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, की ते प्रश्न त्याला उत्तरं हवी होती म्हणून विचारलेलेच नव्हते. काही प्रश्न खुंट्यासारखे असतात, जनावर हलू नये म्हणून ठोकलेले. त्यानं चार दिवस खुंटे ठोकले होते आणि आता तीच बाई ‘सरळ’ म्हणत होती.

त्यात डॉक्टरनं भर घातली. टाचणीच्या डोळ्यांतला दाब वाढत चालला होता. “यंदा परवान्यावर सही करतो,” डॉक्टर म्हणाला, “पुढच्या वर्षी करणार नाही.” म्हणजे जे काय व्हायचं ते याच एका खेपेत.

एकाच सीटचं छोटं विमान मिस्त्रीनं आणि तिनं मिळून छपरीत बांधलेलं होतंच. आता ते हलकं करायचं काम सुरू झालं, कारण जितकं वजन कमी तितकं पेट्रोल जास्त. मिस्त्रीनं रंग खरवडला. थंडीत ऊब देणारं यंत्र काढलं. आपोआप विमान चालवणारी पेटी तर बसवलीच नाही, साडेतीन किलोंची होती. टाचणीनं वेणी कापून ती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली आणि आकडा बघून मान डोलावली. चौकशी विमानाभोवती फिरत विचारायचा, बुटांऐवजी मोजे चालतील का, नकाशाची कोरी कड कापली तर, बावीस तास बाथरूमचं काय. शेवटच्या प्रश्नावर मिस्त्रीनं त्याला छपरीबाहेर काढलं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी विक्रमांच्या संस्थेकडून एक निरीक्षकबाई आल्या. इस्त्रीची साडी, पिशवीत शिक्के, मेण आणि जाड दोरा. त्यांनी विमान तोललं, टाचणीला तोललं, खजूर आणि उकडलेली अंडी तोलली, टाक्यांच्या झाकणांना मेणाची सीलं लावली. मग नियम सांगितला. जुना विक्रम नुसता ओलांडून चालत नाही, एक टक्का तरी पुढे जावं लागतं. म्हणजे तीन हजार सातशे सदतीस.

“छत्तीस झाले तर?” चौकशीनं विचारलं.

“तर अभिनंदनाचं पत्र मिळतं,” बाई म्हणाल्या. “पुस्तकात नाव येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला टाचणी निघाली. पेट्रोलनं गच्च भरलेलं ते एवढंसं विमान धावपट्टीच्या पार शेवटच्या टोकाला जाऊन उचललं. चौकशी सवयीनं तिथेच उभा होता. सवयीनंच तो अठरा पावलं बाजूला सरकला आणि थांबून वाट बघू लागला. विमान लहान होत होत उत्तरेला दिसेनासं झालं. आपण कशाची वाट बघतोय हे ध्यानात यायला त्याला बराच वेळ लागला. मग तो स्वतःशीच ओशाळून हसला आणि क्लबच्या ऑफिसात आला.

ऑफिसात एका संगणकावर नकाशा लावला होता. विमानातलं एक यंत्र दर दोन मिनिटांनी आपण कुठे आहोत ते कळवायचं आणि नकाशावर एक लाल ठिपका उमटायचा. ठिपक्यामागे ठिपका, सुईदोऱ्याच्या टाक्यांसारखे. चौकशी त्या टाक्यांकडे टक लावून बसला. ठिपक्याखालच्या नदीचं नाव काय, त्या गावात आत्ता पाऊस असेल का, एवढ्या उंचीवरून दिव्यांवरून गावाचा रस्ता ओळखू येतो का. निरीक्षकबाई स्वेटर विणत होत्या. पहिले दोन तास त्यांनी उत्तरं दिली, मग ‘माहीत नाही’ म्हटलं, आणि मग टाके मोजण्याचं निमित्त केलं. रात्री मिस्त्रीनं त्याला बाकावर ढकलून जबरदस्तीनं झोपवलं.

सकाळी सहाला तो चहाचा कप घेऊन पुन्हा नकाशापुढे बसला. पंधरा तास झाले होते आणि सत्तावीसशे किलोमीटर. वारा बेताचा होता. असंच चाललं असतं तर तीन हजार आठशे ऐंशीव्या किलोमीटरवरच्या धावपट्टीवर ती अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक ठेवून उतरली असती.

सहा वाजून दहा मिनिटांनी एक ठिपका रेषेच्या जरा उजवीकडे पडला. पुढचा डावीकडे, आणि मागे. त्याच्या पुढचा आणखी मागे. टाचणी परत निघाली होती.

मिस्त्री खुर्ची सोडून पुढे आला. “तेलाचा दाब गेला असणार. मागची धावपट्टी गाठतेय.” त्यानं विमानातल्या त्या यंत्रावर संदेश पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला, तिसरा पाठवला. निरीक्षकबाईंनी विणकाम बाजूला ठेवून त्या भागाच्या हवाई नियंत्रण केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसानं रेडिओवरून तिला विचारलं आणि पाच मिनिटांनी कळवलं, “मॅडम म्हणतात सगळं ठीक आहे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ‘ठीक आहे’ म्हणाल्या.”

“ठीक आहे तर परत का येतेय?” मिस्त्री ओरडला. “घाबरली असेल. पुढचं जंगल बघून धीर सुटला असेल. माणूसच आहे शेवटी.”

चौकशीनं काहीच विचारलं नाही. तो नकाशाला नाक लावून बसला होता. वळणाचे ते दोन ठिपके त्याला खटकत होते. इंजिन बिघडलेला माणूस तडक मागे वळेल. ही आधी उजवीकडे का गेली? आणि परतीची रेषा जाण्याच्या रेषेवर का नाही? ती बाजूनं, अगदी समांतर कशी?

“मोठा करा जरा नकाशा,” तो म्हणाला. “ती वळली तिथे खाली काय आहे?”

खाली शेतं होती. मैलोन्‌मैल एकच पीक, आणि ती वळली तिथे शेतं संपून जंगल सुरू होत होतं, अगदी पट्टीनं आखल्यासारखी झाडांची ओळ.

चौकशीनं चहाचा कप खाली ठेवला. हे वळण त्यानं सव्वीस वर्षं रोज बघितलं होतं. पट्टा संपला की ती आधी थोडी बाहेर जाते, मग उलट बाजूनं गोल वळून येते आणि शेजारचा पट्टा धरते. पहाटेचा उजेड, पडलेला वारा, खाली पीक, समोर शेताचं टोक. पंधरा तास जागलेली बाई डोळे उघडे ठेवून झोपली होती आणि तिचे हात कामावर गेले होते.

“ती पट्टे मारतेय,” तो म्हणाला.

“काय?”

“फवारतेय ती. झोपेत. आणि मागे शेत कुठे संपतच नाही, म्हणून अजून पुन्हा वळलेली नाही. शेत संपेपर्यंत अशीच येत राहील.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “मग ‘ठीक आहे’ कोण म्हणालं?”

“तेही झोपेतच. घरी रात्री मी काहीही विचारलं तरी ती ‘ठीक आहे’ म्हणते आणि सकाळी तिला काही आठवत नाही.” इतक्या वर्षांत तिला त्याच्या प्रश्नांची अशी सवय झाली होती, की उत्तर द्यायला जागं व्हायची गरजच उरली नव्हती. चौकशीला हे आत्ता, निरीक्षकबाईंच्या देखत सांगताना फार लाज वाटली. पण लाजायला वेळ नव्हता, प्रत्येक ठिपक्याला सहा किलोमीटर जात होते.

त्यानं फोन घेतला. “साहेब, तिला काही विचारू नका. नुसतं म्हणा, झेंडा खाली.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे काय ते तिला कळतं. जोरात म्हणा. ओरडा.”

नियंत्रण केंद्रातला माणूस कुरकुरला, असले शब्द आमच्या यादीत नाहीत म्हणाला. मग फोनमधून लांबून त्याचा खणखणीत आवाज ऐकू आला, “झेंडा खाली! झेंडा खाली!”

पुढचा ठिपका उमटला तेव्हा शेजारचा उंचीचा आकडा दीडशे मीटरनं वाढला होता. त्याच्या पुढच्या ठिपक्यात ती वळली. पंधरा मिनिटांनी यंत्रावर संदेश आला, एवढाच: “किती गेले?”

मिस्त्रीनं खरं ते कळवलं. पस्तीस मिनिटं मागे, तेवढीच पुन्हा पुढे. दोनशे दहा किलोमीटरचं पेट्रोल वाया.  मग सबंध सकाळभर ठिपके उत्तरेकडे सरकत राहिले, इतके सरळ की निरीक्षकबाईंनी उगाच पट्टी लावून बघितली.

साडेबाराला फोन वाजला. नियंत्रण केंद्र होतं, आणि त्यांना चौकशी हवा होता. “मॅडमना तुमच्याशी बोलायचंय. मी रिसीव्हर माइकपाशी धरतो. हे नियमात बसत नाही, लवकर आटपा.”

खरखरीतून तिचा आवाज आला, थकलेला, पण जागा. “ऐकू येतंय? समोर धावपट्टी आहे, तीन हजार सहाशे नव्वदावर. इथे उतरले तर मी आणि विमान दोन्ही शाबूत. विक्रम गेला. पुढे वीस मिनिटांचं पेट्रोल आहे, समोरून वारा आहे, धावपट्टी नाही. शेतं आहेत. तू काय म्हणतोस?”

ऑफिसात सगळे त्याच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत टाचणीनं त्याला प्रश्न विचारला होता तो हा पहिलाच. विचारायचं काम त्याचं असे, ते तिनं घेतलं आणि आता उत्तराची वाट बघत होती. त्याच्या जिभेवर नेहमीची पलटण उभी राहिली. वारा किती? शेत ओलं की कोरडं? तारा आहेत का? पेट्रोलचा काटा खरा आहे ना? इंजिन आधीच बंद पडलं तर? एकेक प्रश्न रास्त होता, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे दुसरा एक उभा होता, चोवीस वर्षांपूर्वीचा. तो त्याला स्वच्छ दिसला. हिला काही झालं तर मी काय करू, हे त्याला आत्ता तेव्हापेक्षाही कमी ठाऊक होतं. 

“जा,” तो म्हणाला.

खरखर झाली. “बरं,” ती म्हणाली, आणि फोन तुटला.

मग ठिपके मोजायचं तेवढं राहिलं. एक. दोन. मिस्त्री मोठ्यांदा मोजत होता, त्याला कुणी गप्प केलं नाही. सहावा, सातवा. आठवा ठिपका सातव्याच्या अगदी जवळ पडला आणि नववा आठव्यावरच. म्हणजे विमान थांबलं होतं, पण थांबणं अनेक तऱ्हांचं असतं. चौकशी खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. अकरा मिनिटांनी कुणा शेतकऱ्याच्या फोनवरून टाचणीचा फोन आला. इंजिन हवेतच बंद पडलं, मग ती कापणी झालेल्या शेतात उतरली, चाकाला थोडी माती लागली, बाकी काही नाही, आणि इथे एक गृहस्थ खायला देत आहेत. मिस्त्री टेबलावर डोकं ठेवून रडला.

निरीक्षकबाईंनी ठिपक्याचे आकडे घेतले आणि अंतर काढलं. पुन्हा काढलं, तसा नियमच होता. मग तिसऱ्यांदा काढलं, ते नियमात नव्हतं. त्यांनी चौकशीकडे बघितलं आणि कागद पुढे सरकवला. तीन हजार सातशे तेहतीस.

सांगायचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं शेतकऱ्याच्या नंबरावर फोन केला.

“चार कमी,” तो म्हणाला.

“चार?”

“चार.”

 तिकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. “मी वळले नसते तर,” ती म्हणाली.

“तुला वळायची सवय लागली ती माझ्यामुळे. त्या टपालाच्या पत्राच्या वेळी मी तुला अडवलं. नुसते प्रश्न विचारून अडवलं. चूक झाली माझी, फार मोठी झाली.” ऑफिसात माणसं होती, तरी त्यानं आवाज खाली घेतला नाही.

“मला वाटलं, तू विसरलास ते.”

“नाही विसरलो.”

पुन्हा कुत्रं भुंकलं. मग टाचणीनं विचारलं, आणि आज तिचा हा दुसरा प्रश्न होता, “ते कंट्रोलवाले सगळं बोलणं टेप करतात ना रे?”

“करतात. तीस दिवस ठेवतात आणि पुसतात. मी विचारलंय.”

“तू ‘जा’ म्हणालास ते त्यात आलं असेल?”

“असणारच.”

“मागून घे मग. मला हवंय.” आणि तिनं फोन ठेवला, कारण शेतकऱ्याचं जेवण गार होत होतं.

चौकशीनं निरीक्षकबाईंना विचारलं, टेप मागायला अर्ज लागतो का, कुणाच्या नावानं, फोटो चिकटवायचा का. बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढून दिला. तो खुर्ची ओढून बसला आणि एकेक रकाना भरत गेला. तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक, अर्जदाराचं वैमानिकाशी नातं. ‘कोणत्या कारणासाठी’ या रकान्यापाशी त्याचं घोडं अडलं. जन्मभर लोकांना कारणं विचारणारा माणूस पेन धरून दहा मिनिटं बसून राहिला. मग त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बायकोला पुरावा हवा आहे.’ निरीक्षकबाईंनी अर्ज वाचला आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.